नीरा किती अंतरात सावरते?

पहाटे सव्वाचार

गळीत हंगामात बारामती-फलटण रस्त्याला रात्र अशी नसतेच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यांकडे निघालेले असतात. मधूनच एखादी बैलगाडी दिसते, वर कांबळं पांघरून बसलेलं ऊसतोड जोडपं. फेब्रुवारी सरत आलाय, पहाटेचा गारठा अजून आहे. आमच्या जीपमध्ये तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्यांचे क्रेट, रसायनांची पेटी, बर्फाचा डबा, प्राणवायूचा मीटर, दोरीला बांधलेलं नमुनापात्र आणि एक पिशवी संत्री. संत्री कशाला, ते पुढे येईल.

इतक्या लवकर का, असं घरचेही विचारतात. नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर एकसारखा नसतो. ऊन असताना शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. जिवाणू, मासे, तळातला चिखल हे सगळे चोवीस तास ओढतच असतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात खाली जातो तो उजाडायच्या जरा आधी. माशाला जगायचं असेल तर ही वेळ निभावावी लागते. दुपारी बाराला नदी किती बरी दिसते याचा त्याला उपयोग नाही. म्हणून नदी सावरते का, हे तपासायचं तर तिच्या सगळ्यात वाईट वेळी तिच्यापाशी हजर राहायला हवं, असं मला वाटतं. कार्यालयीन वेळेत घेतलेल्या नमुन्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

पाच वाजता

सांगवीच्या पुलाच्या पुढे एका बंधाऱ्यावर तात्या होडी घेऊन उभे असतात. भोयाचं घर, नदीवरच वाढलेले. वरच्या अंगाला एक ओढा नीरेला मिळतो. त्यातून वस्त्यांचं सांडपाणी येतं आणि हंगामात अधूनमधून मळीचा वासही येतो.

"ताई, आज वास कमी हाय," तात्या म्हणतात, "पण पानी हाताला चिकाट लागतंय."

तात्यांचं हे वाक्य मी वहीत तारीख-वेळेसह लिहून घेते. मीटरच्या आधी त्यांचा हात सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

मीटर आहे, तरी पहाटेचा एक नमुना आम्ही जुन्या पद्धतीनेच करतो. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ साली शोधली आणि आजही मीटर खरा की खोटा हे तिच्यावरच ठरतं. बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहता कामा नये. काठावर आणून तिच्यात आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली बुडवून सोडायचं, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ धरतो. जितका प्राणवायू जास्त, तितका रंग गडद. प्राणवायू नसेल तर गाळ पांढरा पडतो.

बॅटरीच्या उजेडात आमच्यासोबतचा विद्यार्थी बाटली धरून उभा आहे. होडीतून मध्यावर, पृष्ठभागापाशी घेतलेल्या बाटलीत फिकट तपकिरी ढग हळूहळू खाली उतरतो. दुसरी बाटली तळापासून हातभर वर भरलेली. तिच्यातला गाळ दह्यासारखा पांढरा. तो पोरगा बाटली पुन्हा हलवतो, वाट बघतो, पुन्हा हलवतो. रंग येत नाही. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून, थायोसल्फेटने अनुमापन करून आकडा काढायचाच, पण या बाटलीचा निकाल इथेच लागलेला असतो. वरच्या थरात थोडाफार प्राणवायू, खाली काहीच नाही.

या उंचीवर, बावीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. मासे नीट जगायचे तर किमान चार लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतही मत्स्यपालनाच्या वर्गाला हीच किमान मर्यादा आहे. तात्यांना हा आकडा ठाऊक नाही, पण जाळ्यात काय येतं ते ठाऊक आहे. मरळ आणि चिलापी येतात. मरळ वर येऊन हवा घेऊ शकते, चिलापी कमी प्राणवायूत तग धरते. शिंगटा या भागात आता क्वचित दिसतो, असं ते सांगतात.

सकाळी सात

उजाडलं की संत्री बाहेर निघतात.

नदी किती अंतरात सावरते हे सांगायचं तर पाणी किती वेगाने जातं ते आधी कळलं पाहिजे. जिवाणू घाण खातात ती वेळेच्या हिशोबाने. ती वेळ किती किलोमीटर होते, हे वेग ठरवतो. वेग मोजायला संत्र्याइतकी सोयीची वस्तू नाही. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि लांबूनही ठळक दिसतं. शंभर मीटरवर दोन खुणा करायच्या, संत्रं सोडायचं, घड्याळ लावायचं. पृष्ठभागाचा वेग जरा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणतो.

बंधाऱ्याच्या खाली, जिथे गळतीचं पाणी खडकांमधून खळखळत जातं, तिथे संत्रं सरळ पळतं. ही जागा लहान आहे, पण माझी आवडती. पाणी गुडघाभर, सेकंदाला तीसेक सेंटिमीटरचा वेग. नदी सगळीकडे अशीच वाहिली असती तर पाण्याने दिवसाला सव्वीस किलोमीटर काटले असते.

बंधाऱ्याच्या वर सोडलेलं संत्रं मात्र जागचं हलत नाही. विद्यार्थी दहा मिनिटं बघत राहतो, ते कडेच्या केंदाळाला जाऊन टेकतं. तिथे आम्ही वेग वेगळ्या रीतीने काढतो: खालून किती पाणी निघतं ते मोजायचं आणि पात्राच्या काटछेदाने भागायचं. सेकंदाला दोन सेंटिमीटर आला तरी पुष्कळ. म्हणजे दिवसाला पावणेदोन किलोमीटर.

नीरा इथे अशी का, ते वरून बघायला हवं. ती भोरच्या डोंगरात उगम पावते. भाटघर, नीरा देवघर आणि वीर ही धरणं तिचं आणि तिच्या उपनद्यांचं पाणी अडवतात. वीरपासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. डावा कालवा १८८५ चा, म्हणजे बारामती आणि इंदापूरची बागायत त्याच्याइतकीच जुनी. पावसाळा संपला की नदीच्या पात्रात कालव्यांना देऊन उरलेलं पाणी येतं आणि शेतांतून, ओढ्यांतून झिरपून परत आलेलं येतं. तेही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं. पावसाळा सरताना ढापे, म्हणजे बंधाऱ्याच्या मोऱ्या बंद करणाऱ्या फळ्या, टाकले जातात ते पुढचा पावसाळा येईपर्यंत. हिवाळा-उन्हाळ्यात इथे नीरा म्हणजे एकामागे एक तलाव असतात आणि त्यांच्यामध्ये खळाळाचे तुटक तुकडे.

ढापे काढा, असं मी कुणाला सांगणार नाही. या पाण्यावर ऊस आहे, जनावरं आहेत, काठच्या विहिरींचे पाझर आहेत. पण नदी आपोआप शुद्ध होते हे जे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलंय, ते वाहत्या नदीबद्दलचं आहे. ते इथे जसंच्या तसं लावता येत नाही.

सकाळी नऊ

खळाळात उतरायची वेळ. पँट दुमडून, जाळीची चौकट पाण्यात उभी धरायची आणि तिच्या पुढ्यात पायाने दगड ढवळायचे. जे निघेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं.

आकडे त्या क्षणाचं सांगतात, हे किडे महिन्याभराचं सांगतात. एखाद्या रात्री मळीचं पाणी येऊन गेलं, सकाळी वाहून गेलं, बाटलीत काही सापडलं नाही, तरी ट्रे खोटं बोलत नाही. मेफ्लायच्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधणारी कॅडिसची अळी, यांना भरपूर प्राणवायू लागतो. त्या एकदा गेल्या की परत यायला वेळ लागतो. उलट डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्सचे तांबडे जंत चिखलात, जवळपास प्राणवायूविना राहतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, ते मिळेल तेवढा प्राणवायू धरून ठेवतं.

आजच्या ट्रेमध्ये लाल अळ्या पुष्कळ, गोगलगायी थोड्या. विद्यार्थी दगड उचलून खालची बाजू बघतो आणि एकदम ओरडतो. दगडाला चिकटून, चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची एक मेफ्लायची अळी. मी भिंगातून बघते. पोटाच्या दोन्ही बाजूंना तिचे कल्ले पंख्यासारखे हलतायत. एकच आहे, पण ती इथे या आठवड्यात आलेली नाही. ती अंगठ्याच्या नखाएवढी झाली आहे म्हणजे या खळाळाने तिला बरेच दिवस पोसलंय. बंधाऱ्याच्या तोंडाशी निर्जीव झालेलं पाणी फटीतून पडताना, खडकावर आपटताना हवा घेतं आणि शंभर-दीडशे मीटरच्या या पट्ट्यात एवढा जीव धरतो. नदीत सावरण्याची ताकद आहे याचा याहून स्पष्ट पुरावा मला कुठे मिळत नाही. आम्ही तिला परत त्याच दगडाखाली सोडतो.

मग बंधाऱ्याच्या वरचा चिखल. लोखंडी पेटीसारखं यंत्र दोरीने तळाशी सोडायचं, झटका दिला की तोंड मिटतं. वर येतो तो काळा, चिकट गाळ, सडक्या अंड्याच्या वासाचा. ओढ्यातून आलेला मैला, उसाचे बारीक कण, केंदाळाची कुजलेली मुळं, सगळं इथे बसलंय. पाण्यातली घाण कमी झाली असं वरच्या नमुन्यात दिसतं, त्यातला एक हिस्सा असा तळाला गेलेला असतो. पहिल्या जोरदार पावसाला पाणी चढतं, तळ ढवळला जातो, एका रात्रीत सगळा प्राणवायू संपतो आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच पडतो. नदीकाठचा प्रत्येक माणूस हे सांगेल.

साडेअकरा

बारामतीत कऱ्हेवर थोडा वेळ. पुरंदरच्या डोंगरातून, नाझरे धरण ओलांडून येणारी ही नदी या दिवसांत स्वतःचं पाणी फार थोडं आणते. पात्रात दिसतं त्यात शहराचा वाटा मोठा. नमुने घेतो, बर्फात ठेवतो, निघतो.

सोनगावला सोनेश्वराच्या देवळापाशी कऱ्हा नीरेला मिळते. संगमावर नमुना कुठे घ्यायचा यात पुष्कळ लोक फसतात. दोन नद्यांचं पाणी मिळालं म्हणजे लगेच मिसळलं असं होत नाही. दोन धारा बराच वेळ शेजारी शेजारी चालतात, काठावरून रंगाची रेघही दिसते. संगमाच्या अगदी खाली डाव्या काठाशी बाटली भरली तर ती कऱ्हेचीच. म्हणून आम्ही दोन्ही नद्यांचा नमुना संगमाआधी घेतो आणि तिसरा बरंच खाली जाऊन, पात्राच्या तीन ठिकाणांहून.

देवळात दर्शनाला आलेल्या एक आजी आमचे डबे बघून थांबतात. "पानी तपासताय व्हय गं? न्हाण्याजोगं हाय का?" मी त्यांना सांगते की आंघोळ टाळा, हात-पाय धुतले तरी घरी जाऊन पुन्हा धुवा. त्या मान हलवतात आणि ओंजळीत थोडं पाणी घेऊन डोळ्यांना लावतातच. खाली सराटीला आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पादुकांना याच नीरेत स्नान घालतात, मग पालखी अकलूजकडे जाते. त्याच्याही पुढे नीरा नरसिंहपूरला ती भीमेला मिळते. ज्या पाण्यावर माणसांची एवढी श्रद्धा आहे ते ओंजळीत घेण्यालायक ठेवणं हे माझ्या नोकरीचं काम आहे, एवढंच मी त्या आजींच्या पाठीमागे स्वतःशी म्हणते.

दुपारी दीड

झाडाखाली भाकरी, ठेचा, ताक. तेवढ्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा तपासून घेतो.

तीन वाजता

परत सकाळच्याच बंधाऱ्यावर. त्याच जागी, त्याच खोलीवर मीटर सोडायचा. पृष्ठभागावर आकडा चढत जातो, आठ ओलांडतो, दहा ओलांडतो. इतका प्राणवायू या तापमानाच्या पाण्यात खरं तर मावायलाच नको. पाणी हिरवट झालंय, बारीक बुडबुडे वर येतायत.

"ताई, सकाळी इतका कमी आणि आता हे? नदी सुधारली का?" विद्यार्थी विचारतो.

सुधारली असती तर तळाचा मीटर हलला असता. तळाशी आकडा अजून एकच्या खाली. वर जे दिसतंय ते शेवाळाचं काम. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद आणि शेतांतून धुऊन आलेलं खत यांवर शेवाळ माजतं, दुपारी पाण्यात प्राणवायू भरतं आणि रात्री त्याहून जास्त वसूल करतं. उजनीच्या जलाशयाचं तेच आहे. पुण्याचं मुळा-मुठेतलं पाणी भीमेतून तिथे पोचेपर्यंत त्यातली कुजणारी घाण बरीच कमी होते, पण नत्र-स्फुरद उरतं, आणि उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी हिरवं होतं. बीओडी, म्हणजे कुजणाऱ्या घाणीचं माप, उतरला म्हणजे नदी सावरली असं समजणाऱ्याने इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या काठाला एप्रिलमध्ये उभं राहून बघावं.

हे शेवाळाचं देणं-घेणं वेगळं काढायला आम्ही सकाळी दोन बाटल्या पाण्यात लटकवून गेलो होतो, एक पारदर्शक, एक काळ्या कापडात गुंडाळलेली. काळीत फक्त श्वसन चालतं, पारदर्शकमध्ये श्वसन आणि प्राणवायू तयार होणं, दोन्ही. दोन्हींतला फरक म्हणजे शेवाळाने तयार केलेला प्राणवायू. त्या काढतो, रसायनं घालून बूच लावतो. तात्यांना चार रिकाम्या बाटल्या आणि रसायनांच्या लहान शिश्या देऊन ठेवतो. रात्री-अपरात्री ओढ्याला वेगळं पाणी आलं तर पहिली बाटली तेच भरतात. हे काम त्यांच्या हाताला नीट बसलंय.

साडेपाच

प्रयोगशाळा. सगळ्यात आधी बीओडीच्या बाटल्या लावायच्या. घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं हे माप. जगात पुष्कळ ठिकाणी पाच दिवस, वीस अंशांवर ठेवतात. ते थंड देशातलं माप. आपल्याकडे तीन दिवस, सत्तावीस अंशांवर. प्रत्येक नमुन्याची तीन-चार सौम्यीकरणं करून ठेवावी लागतात, कारण घाण किती आहे हे आधी माहीत नसतं आणि बाटलीतला प्राणवायू संपून गेला तर ती बाटली वाया.

मग क्लोराइड. माझ्या मते नदीच्या सावरण्याचा अभ्यास याच्याशिवाय करूच नये. क्लोराइड म्हणजे साधं मीठ. जिवाणू ते खात नाहीत, ते हवेत उडत नाही, तळाशी बसत नाही. म्हणून ते साक्षीदार. वरच्या जागेहून खालच्या जागी बीओडी निम्मा झाला आणि क्लोराइडही निम्मं झालं, तर नदीने काहीच केलेलं नाही, फक्त कुठून तरी चांगलं पाणी येऊन मिसळलंय. बीओडी निम्मा झाला आणि क्लोराइड तेवढंच राहिलं, तरच काहीतरी खरोखर खाल्लं गेलं किंवा तळाशी बसलं. अहवालांमध्ये विरळ होण्याला शुद्धीकरण म्हटलेलं मी पुष्कळदा वाचलंय, आणि दर वेळी मला राग येतो, कारण अशा अहवालाच्या आधारावर आणखी एक नाला सोडायची परवानगी मागता येते.

इथे नीरेचा एक पेच आहे. खाली इंदापूरकडे जावं तसं क्लोराइड वाढतं. शंभर वर्षांहून जास्त कालव्याचं पाणी देऊन काही जमिनी चिबड झाल्या, काही खारवट, चोपण. तिथल्या चरांतून क्षार नदीत परत येतात. त्यामुळे नदीत मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याचं आणि चराचं मीठही वेगळं मोजावं लागतं, नाहीतर हिशेब लागत नाही. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडतो, पिवळं पाणी विटकरी व्हायला लागतं, तिथे थांबायचं. एकामागे एक असे नमुने करताना मान दुखते, पण हे काम मी कुणाला देत नाही.

ओढ्याच्या नमुन्याचा रंग चहासारखा आहे. तो क्रोमॅटोग्राफीला जाईल. मद्यार्क बनवताना उरणाऱ्या पाण्याचा तपकिरी रंग जिवाणूंना सहज पचत नाही. बीओडी उतरून गेला तरी रंग मागे राहतो, म्हणून तो माग काढायला उपयोगी पडतो. हे पाणी किती जहाल असतं याचा अंदाज यावा म्हणून सांगते: प्रक्रिया न केलेल्या अशा पाण्याचा बीओडी लिटरमागे चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक लिटर पाणी पचवायला नदीच्या पाच-सहा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. असं पाणी बाहेर सोडायचंच नाही असा दंडक आहे, आणि तो बरोबर आहे.

रात्री आठ

आता कागद. १९२५ साली अमेरिकेत ओहायो नदीवर काम करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी एक समीकरण मांडलं. सगळा अभ्यास आजही त्यावर उभा आहे. नदीत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. जिवाणू घाण खाऊन प्राणवायू संपवतात आणि पृष्ठभागातून हवा पाण्यात शिरून तो भरून काढते. आधी खर्च जास्त असतो, प्राणवायू उतरत जातो. एका जागी तळ गाठतो आणि मग भरती जास्त होऊन चढायला लागतो. आलेख काढला तर मध्ये झोळ पडलेल्या दोरीसारखा दिसतो.

खर्चाचा वेग तापमानावर. सत्तावीस अंशांना घरगुती सांडपाण्यातली घाण साधारण सव्वादोन दिवसांत निम्मी होते. भरतीचा वेग खोलीवर आणि प्रवाहावर, त्याला ओ'कॉनर आणि डॉबिन्स यांचं १९५८ चं सूत्र आहे. सकाळची मापं त्यात घालते. खळाळात, अर्धा मीटर खोल आणि सेकंदाला तीस सेंटिमीटर वेग धरला, तर भरतीचा गुणांक दिवसाला सहाच्या आसपास येतो. बंधाऱ्याच्या वर, तीन मीटर खोल आणि दोन सेंटिमीटर वेग धरला, तर ०.१. पन्नास पटींहून जास्त फरक. इतक्या संथ पाण्याला हे सूत्र ताणूनच लावावं लागतं आणि वाऱ्याने थोडी भर पडते, म्हणून मी दुसरा आकडा तिप्पट करूनही बघते.

मग दोन्हीकडे एकच घाण टाकून बघायची. समजा एकूण बीओडी वीस. नदी पूर्ण लांबीत खळाळासारखी वाहती असती तर प्राणवायू जेमतेम एक मिलिग्रॅमने उतरला असता, तोही दहा-पंधरा किलोमीटर खाली, आणि माशांना कळलंही नसतं. थांबलेल्या पाण्यात तो शून्याला जातो. तिप्पट भरती धरली तरी शून्याच्या काठावर. पहाटेच्या पांढऱ्या गाळाशी हे जुळतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. पाणी थांबलं म्हणजे जिवाणूंना वेळ मिळतो, चार किलोमीटरच्या आत बीओडी निम्मा होतो, मग बंधारे शुद्धीकरणच करतात की. वाहत्या नदीला त्याच कामाला साठेक किलोमीटर लागले असते. अंतराच्या हिशोबाने हे बरोबर आहे. पण त्या चार किलोमीटरमध्ये नदीत श्वास घेणारं काही उरत नाही, घाणीचा मोठा भाग तळाशी साठतो आणि पावसाळ्यात त्याची परतफेड करावी लागते. नदीच्या सावरण्यात तिच्यातल्या जिवांचं सावरणं धरायचंच नसेल, तर मग एक लांबलचक सेप्टिक टाकीही नदी म्हणून चालेल.

केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांत सगळ्यात जास्त, ५५, महाराष्ट्रातले होते. अशा पट्ट्यांसाठी कुणीतरी नदीची सामावून घेण्याची क्षमता काढतं, आणि ती क्षमता घाण सोडण्याचा कोटा म्हणून वापरली जाते. माझं म्हणणं उलट आहे. ही ताकद अपघातासाठी, पुरासाठी, गुरांच्या शेणासाठी, काठच्या पाचोळ्यासाठी राखून ठेवायची असते. रोजच्या नाल्याचा हिशेब नाल्याच्या तोंडाशीच मिटला पाहिजे.

अहवालाचा तक्ता भरायला घेते. नदीचा पट्टा, पहाटेचा प्राणवायू, दुपारचा प्राणवायू, वेग, क्लोराइडने दुरुस्त केलेला बीओडी, किडे, तळाचा गाळ. शेवटून दुसरा रकाना आहे 'सावरायला लागणारं अंतर'. तो गणिताने भरता येतो. शेवटचा रकाना मी या वर्षी नव्याने घातलाय: 'पुढच्या ओढ्यापर्यंतचं अंतर'. नकाशावर पट्टी ठेवून एकेक अंतर मोजत खाली येते. आजच्या पट्ट्यात एकाही ठिकाणी शेवटचा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा मोठा नाही. एक घाण पचत असतानाच दुसरी येऊन मिळते.

शिफारशीत दोन गोष्टी लिहिते. सांगवीपासून खाली नदीत मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी, गळीत हंगामात, पहाटे पाचला नमुना. आणि प्रत्येक बंधाऱ्याच्या खाली खळाळ जिवंत राहील एवढं पाणी हंगामभर सोडत राहणं, मग शेतकऱ्यांशी बसून ते किती हे ठरवणं. एक प्रत मंडळाला, एक पाटबंधारेला, एक काठच्या ग्रामपंचायतींना, मराठीतून. बीओडीचे आकडे तीन दिवसांनी बाटल्या उघडल्यावर भरायचे, तोवर ते रकाने मोकळे.